अ‍ॅजिनकोर्ट टेबलावर: फ्रेंच खेळाडू जागचा हलत नसेल तर

प्रश्न असा आला आहे: "आम्ही राजारामपुरीतले पाच मित्र. लहानपणी दिवाळीत किल्ले केले, आता टेबलावर सैनिकांच्या छोट्या फिगर मांडून जुन्या लढाया खेळतो. यंदा अ‍ॅजिनकोर्टची लढाई घेतली. पण दरवेळी फ्रेंच खेळाडू जागचा हलत नाही, इंग्रजही हलत नाही, आणि तासाभरात सगळे चहाला उठतात. नियम करून हल्ला करायला लावला, तर तो म्हणतो, 'हरणार हे माहीत असताना मी पुढं जाऊ कशाला?' नियमांत काय बदलावं? टेबलाचं आणि फिगरचं प्रमाण काय धरावं? आणि हे सगळं कोल्हापुरात, फार खर्च न करता, कसं जमवावं?"

तुमचा फ्रेंच खेळाडू बरोबर खेळतोय. २५ ऑक्टोबर १४१५ च्या सकाळी खरे फ्रेंचसुद्धा हलले नव्हते. दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या आणि काही तास कुणीच पाऊल उचललं नाही. फ्रेंचांना घाई असण्याचं कारणच नव्हतं. इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅले बंदराकडं जाणारी वाट त्यांनी अडवली होती, त्यांच्याकडं मागून आणखी सरदार येत होते, आणि समोरचं सैन्य उपाशी होतं. थांबण्यात फायदा त्यांचाच. शेवटी हलला तो इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री. म्हणजे तुमच्या टेबलावर खरा अडलाय तो इंग्रज खेळाडू. त्याला पुढं जायची गरज का आहे, हे तुमचे नियम त्याला सांगत नाहीत. आधी ते सांगा.

हेन्रीची अवस्था थोडक्यात अशी. ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरून त्यानं हार्फ्लर बंदराला वेढा घातला. २२ सप्टेंबरला ते हाती आलं, पण तोवर छावणीत हगवणीनं धुमाकूळ घातला होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आठेक दिवसांची शिधा घेऊन तो कॅलेकडं निघाला. सोम नदीचा उतार शत्रूनं रोखलेला, पूल मोडलेले. म्हणून नदीच्या काठानं वर, कॅलेपासून लांब लांब जात, १९ तारखेला कुठं त्याला नदी ओलांडता आली. वरून पाऊस. शिधा संपून बरेच दिवस झालेले. अशा सैन्याला आणखी एक रात्र त्या शेतात काढायला लावणं म्हणजे ते गमावणंच.

हे टेबलावर आणायला फार हुशारी लागत नाही. तिसऱ्या पाळीपासून, इंग्रज खेळाडू थांबून राहिला की दर पाळीला त्याच्या एका तिरंदाज बेसवर (बेस म्हणजे फिगर चिकटवलेली पट्टी) 'भूक' अशी खूण ठेवा. दोन खुणा झालेला बेस हातघाईला फाशावर एक कमी घेऊन लढेल. आणि सोळाव्या पाळीला अंधार पडतो असं धरा. तोवर वाट मोकळी झाली नाही तर फ्रेंच जिंकले, एकही माणूस न मारता. एवढं केलंत तरी चहाला कुणी उठणार नाही.

आता या लढाईचा खरा गाभा. सगळ्यांच्या डोक्यात असतो तो फ्रेंचांचा हल्ला आणि बाणांचा पाऊस. माझ्या मते खेळ ठरतो त्याच्या आधी, इंग्रज तिरंदाज जमिनीत रोवलेले खुंट उपटतात तेव्हा. हे खुंट म्हणजे दोन्ही टोकांना तासलेले, साधारण सहा फुटी दांडके. तिरंदाजानं आपल्यासमोर ते तिरपे रोवायचे, म्हणजे घोडा छातीवर घ्यायला धजत नाही. हेन्रीनं सैन्य बाणाच्या टप्प्यात, म्हणजे शत्रूपासून दोन-अडीचशे मीटरवर नेलं, तेव्हा हे खुंट उपटून, पुढं नेऊन, पुन्हा ठोकावे लागले. तेवढा वेळ तिरंदाज उघड्यावर. फ्रेंच घोडदळ बगलांवर ठेवलं होतं ते नेमकं या तिरंदाजांना तुडवण्यासाठी. मग त्यांनी ती संधी का घेतली नाही? घेता आली नाही, कारण वाट बघून कंटाळलेले बरेच स्वार जागेवर नव्हते. कुणी ऊब घ्यायला गेलेले, कुणी घोडी फिरवायला.

याचा नियम असा करा. खुंट उपटायला एक पाळी, चालायला दोन, ठोकायला एक. या चार पाळ्यांत तिरंदाजांना खुंटांचा आधार नाही. प्रत्येक फ्रेंच बगलेवर घोडदळाचे सहा बेस. इंग्रजानं 'उपटतो' म्हटलं की त्याच क्षणी पंचानं प्रत्येक बेससाठी एक फासा टाकायचा. चार किंवा जास्त पडले तर स्वार जागेवर आहेत. कमी पडले तर बेस उचलून बाजूला. तो फाशावर येईल तितक्या पाळ्यांनी परत येईल. आधी कुणालाच माहीत नसतं, फ्रेंचालाही नाही.

आमच्याकडं ही पाळी आली की खोलीतला आवाज बंद होतो. एका डावात डाव्या बगलेवर पाच बेस हजर निघाले, उजवीकडं एकच. डावीकडच्या खेळाडूनं लगेच घोडी सोडली, पंधरा सेंटिमीटर, थेट तिरंदाजांवर. इंग्रज खेळाडूच्या हातात अजून उपटलेले खुंट. त्याच्यापुढं दोनच वाटा होत्या: होते तिथंच खुंट ठोकून एक पाळी वाचवायची, किंवा मागच्या ओळीनं बाण सोडायचे आणि पुढच्या ओळीनं मार खायचा. त्यानं ठोकले. घोडी खुंटांवर येऊन फुटली, पण तिरंदाज होते पाच सेंटिमीटर मागं, म्हणजे अजून टप्प्याबाहेर. पुढचा सगळा खेळ त्या पाच सेंटिमीटरवर अडला. इतिहासात असं झालं नाही. पण होऊ शकलं असतं, आणि लढाई पुन्हा लढवायची ती एवढ्यासाठीच.

आता तुमच्या मित्राचा सवाल, 'मी पुढं जाऊ कशाला?' याचं उत्तर जिंकण्याच्या गुणांत आहे. फ्रेंच बाजू एका माणसाच्या हातात देऊ नका. तिथं एक सेनापती नव्हताच. राजा सहावा शार्ल मानसिक आजारामुळं मैदानावर नाही, युवराजालाही दूर ठेवलेलं. कॉन्स्टेबल, म्हणजे राजाच्या फौजेचा मुख्य अधिकारी, शार्ल द'आल्ब्रे आणि मार्शल बुसिको हे दोघे मुरलेले लढवय्ये, हुद्द्यानं प्रमुख. पण भोवती ऑर्लिअन्स, बूर्बाँ, आलाँसाँ, बार असे ड्यूक, आणि राजाच्या घराण्यातल्या या मंडळींना हुकूम द्यायचा कुणी? बुसिकोच्या बाजूनं काही दिवस आधी आखलेला एक लढाईचा आराखडा आजही उपलब्ध आहे. त्यात धनुर्धारी पुढं, घोडदळ बगलेवरून तिरंदाजांवर, असा शहाणपणाचा बेत आहे. प्रत्यक्षात प्रत्येक सरदाराला पहिल्या फळीत जागा हवी होती. त्या रेटारेटीत क्रॉसबोवाले, म्हणजे आडव्या यांत्रिक धनुष्याचे धनुर्धारी, मागं ढकलले गेले आणि त्यांचा उपयोग जवळपास झालाच नाही.

तुम्ही पाच जण आहात, उत्तम. एक इंग्रज, तीन फ्रेंच, एक पंच. तिघा फ्रेंचांना वेगवेगळी कार्डं द्या आणि एकमेकांची दाखवू नका. पहिला ऑर्लिअन्स: त्याचं निशाण शत्रूला पहिलं भिडलं तर पाच गुण. दुसरा आल्ब्रे: खुंट उपटलेले असताना घोडदळ तिरंदाजांवर घातलं तर सहा. तिसरा आलाँसाँ: हेन्रीच्या निशाणाला स्वतः भिडला तर आठ. शिवाय तिघांनाही कैद्यांचे गुण: हेन्री वीस, त्याचा भाऊ ग्लॉस्टर किंवा यॉर्कचा ड्यूक आठ-आठ, चिलखती सरदारांचा कुठलाही बेस दोन. तिरंदाज शून्य.

तो शून्य महत्त्वाचा. कैदी म्हणजे खंडणी, आणि तिरंदाजाची खंडणी देणार कोण? म्हणून फ्रेंच सरदार बगलांवरच्या तिरंदाजांना टाळून मधल्या निशाणांकडं वळले. बाणांच्या मारानंही ते आत रेटले गेले असणारच. पण तुमच्या खेळाडूंना 'आत वळा' असा नियम सांगायची गरज नाही. गुण तसे ठेवलेत की तिघेही आपसूक वळतात, वर एकमेकांच्या आधी पोचायला धावतात. तिघांना आपसात बोलायला बंदी. चिठ्ठी पंचाकडं द्यायची, ती पुढच्या पाळीला पोचेल.

आता चिखल. या लढाईत चिखल हा तिसरा पक्ष आहे. शेत नुकतंच नांगरून पेरलेलं, रात्रभर पाऊस. वीस-पंचवीस किलोचं चिलखत अंगावर असलं तरी वजन सगळ्या अंगावर वाटलेलं असतं, सराव असलेला माणूस त्यात धावू शकतो. मारक ठरतो तो पाय. परतीचा पाऊस झाल्यावर प्रयाग चिखलीकडच्या नांगरट केलेल्या काळ्या रानात एकदा चालून बघा. तिथली माती आणि फ्रान्सच्या उत्तरेची माती एक नव्हे, पण पाचव्या पावलाला पायाला शेर-दीड शेर चिखल चिकटतो आणि विसाव्या पावलाला मांड्या भरून येतात, हे दोन्हीकडं सारखंच. पाठीवर वीस किलोचं पोतं घेऊन दोनशे मीटर जा आणि पोचल्यावर लगेच कुऱ्हाडीनं लाकूड फोडायचा प्रयत्न करा. नियम किती कडक ठेवायचे याचा अंदाज तिथंच येईल.

माझे आकडे असे. नांगरटीवर पायउतार चिलखती माणूस पाळीला पाच सेंटिमीटर चालतो, घोडदळ पंधरा, तिरंदाज दहा. तिरंदाज हलके, हगवणीमुळं कित्येकांनी तर पायातली वस्त्रं खाली सोडलेली होती. घोडदळ एकदा जिथून गेलं ती पट्टी 'तुडवलेली'. तिथं चिलखती माणूस फक्त तीन सेंटिमीटर जातो, आणि त्या पट्टीतल्या प्रत्येक पाळीला त्याला एक 'दम' खूण लागते. तीन दम झाले की लढताना फाशावर एक कमी. एक पाळी उभं राहिलं की एक दम उतरतो. पण मागून दुसरी फळी रेटत असेल तर उभं राहता येत नाही. इथं फ्रेंच खेळाडूंचं आपसातलं भांडण सुरू होतं, आणि ते व्हायलाच हवं.

घोडदळ हरून माघारी वळलं की आपल्याच पायदळात घुसतं. तेव्हा ज्या बेसमधून घोडी गेली तो विस्कळीत. हा नियम वगळू नका. खऱ्या लढाईत घोडदळाच्या हल्ल्यानं इंग्रजांचं जेवढं नुकसान झालं त्याहून जास्त फ्रेंच आघाडीचं झालं, आणि त्यांच्या वाटेतली जमीन चिखलाची गादी झाली ती निराळीच.

टेबलाचं प्रमाण. सहा बाय चार फुटी टेबल चालतं, पण तुमच्या ओळखीत एखाद्या मंडळात टेबल टेनिसचं जुनं टेबल असेल तर त्याची अर्धी फळी मागा. ती १३७ बाय १५२ सेंटिमीटर भरते. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर धरा. बाणाचा टप्पा वीस सेंटिमीटर झाला. अ‍ॅजिनकोर्ट आणि त्रामकूर या दोन गावांच्या राया, म्हणजे झाडी, दोन्ही अंगांना ठेवून मधली चिंचोळी जागा नव्वद सेंटिमीटरची करा, म्हणजे नऊशे मीटर. जास्त रुंद केलीत तर खेळ मेला, कारण मग फ्रेंच बाजूनं वळसा घालतो. ती राई हेन्रीची निम्मी फौज होती.

इथं एक गंमत आहे. सैन्याच्या आकड्यांवर इतिहासकारांचं एकमत नाही. इंग्रज सहा हजारांपासून नऊ हजारांच्या आसपास, फ्रेंच बारा हजारांपासून छत्तीस हजारांपर्यंत सांगितले जातात. इतिहासकार अ‍ॅन करी यांनी पगाराची कागदपत्रं तपासून इंग्रज साडेआठ हजारांच्या वर आणि फ्रेंच बाराएक हजार असा हिशेब मांडला. इतर काही जण फ्रेंच त्याच्या दुप्पट धरतात. टेबलावर हे आकडे मांडून बघा. इंग्रज चिलखती पंधराशे, चार ओळींत उभे केले तर पावणेचारशे मीटर जागा. उरल्या सव्वापाचशे मीटरमध्ये सात हजार तिरंदाज बसवायचे म्हणजे तेरा-चौदा ओळी. ठीक, बसतात. आता फ्रेंच आघाडी पाच हजारांची धरा: नऊशे मीटरमध्ये पाच-सहा ओळी, नीट चालू शकतील अशा. पण हे पाच हजार मधल्या पावणेचारशे मीटरकडं वळले की तेरा ओळींची गर्दी. मागून तेवढीच दुसरी फळी येऊन भिडली की सव्वीस. सव्वीस ओळींतल्या तेविसाव्या माणसाला पुढं काय चाललंय ते दिसतही नाही, तो नुसता ढकलतो. पुढचा पडला तर उठायला जागा नाही. फ्रेंच छत्तीस हजार होते म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की या टेबलावर उभे करून दाखवा.

म्हणून गर्दीचा नियम: फक्त पहिल्या ओळीचे बेस फासे टाकतात. मागं लागून दोन बेस असतील तर ठीक. तिसरा लागला की पुढच्याला एक कमी, चौथा लागला की पुढचा हरल्यास मागं हटत नाही, तो बाद. बाद झालेला बेस तिथंच आडवा ठेवा. त्यावरून जायला एक पाळी जास्त. पुढं पडलेल्यांचे ढीग झाले असं बखरकार लिहितात ते याच गर्दीमुळं.

बेस चार सेंटिमीटर रुंद घ्या, एक बेस म्हणजे साधारण दीडशे चिलखती किंवा अडीचशे तिरंदाज. इंग्रजांचे चिलखती नऊ: मधे हेन्री, उजवीकडं यॉर्क, डावीकडं लॉर्ड कॅमॉइज. तिरंदाज अठ्ठावीस, निम्मे-निम्मे बगलांवर. तिरंदाज मधेही पाचरीसारखे उभे होते का, यावर वाद आहे. खेळाला बगलांवरच बरे. फ्रेंच पहिली फळी तीस, दुसरी तीस, घोडदळ सहा-सहा, मागं घोड्यावरची तिसरी फळी बारा. १५ मिलिमीटरच्या फिगर असतील तर एका बेसवर तीन-चार बसतात. २८ मिलिमीटरचा मोह टाळा, दोन दिवाळ्या रंगवण्यातच जातील.

बाणांबद्दल एकच. तिरंदाजाला अमर्याद बाण देऊ नका. जुडगा चोवीस बाणांचा, आणि चांगला तिरंदाज मिनिटाला दहापर्यंत सोडू शकतो. म्हणजे पूर्ण वेगानं मारा केला तर काही मिनिटांत खेळ खलास. प्रत्येक तिरंदाज बेसला सहा वेळा मारा करू द्या, पुढं तो कुऱ्हाड, हातोडा, तलवार घेऊन हातघाईला जाईल. खरे तिरंदाजही शेवटी तसेच उतरले, आणि चिखलात अडकलेल्या चिलखतवाल्याला तेच भारी पडले. बाणानं फ्रेंच बेस मरू नये, विस्कळीत व्हावा आणि त्याचा वेग एक सेंटिमीटरनं घटावा. समोरून चांगल्या चिलखताला बाण सहसा भेदत नाही. घोड्याला भेदतो, म्हणून घोडदळावर मारा दुप्पट.

आता कोल्हापुरात हे सगळं कसं जमवायचं. आपण सगळे किल्ल्यांवर वाढलो, पण कुंभार गल्लीतले मावळे इथं उपयोगाचे नाहीत. ते सुंदर असतात, पण मोठे, आणि भाला धरलेला हात दुसऱ्या हाताळणीला निखळतो. परदेशातून फिगर मागवल्या तर पोस्ट आणि कस्टम मिळून किंमत डोक्यावर बसते. त्यापेक्षा रेझिनची थ्री-डी प्रिंट काढणारा गाठा. सगळी फौज प्रिंट करायची गरज नाही: सहा-सात नमुने काढा, त्यांचे सिलिकॉनचे साचे करा आणि कथील-शिशाच्या मिश्रणात ओता. उद्यमनगरात ओतकामातला माणूस ओळखीचा नसलेलं घर कोल्हापुरात शोधावं लागेल. फाउंड्रीवाल्याला तुमचं काम खेळण्यासारखं वाटेल, पण साच्याला हवा निघायला वाट कुठं ठेवायची हे त्याच्याइतकं चांगलं कुणी सांगणार नाही. साच्याला टाल्कम पावडर मारा म्हणजे बोटं आणि धनुष्यं पूर्ण भरतात. शिसं आहे, तेव्हा हे काम मोकळ्या हवेत, स्वयंपाकघराच्या भांड्यांना हात न लावता, आणि नंतर हात साबणानं धुऊन.

खुंटांसाठी टूथपिक घेऊ नका, जाड दिसतात. खराट्याचा हीर घ्या. नेलकटरनं सव्वा सेंटिमीटरचे तुकडे तिरपे छाटायचे, म्हणजे टोक आपोआप येतं. सहा-सात तुकडे एका पातळ पुठ्ठ्याच्या पट्टीवर फेव्हिकॉलनं तिरपे चिकटवा. पट्टी वेगळी असली की उपटणं-ठोकणं टेबलावर हातानं दिसतं: पट्टी उचलली, बाजूला ठेवली, चार पाळ्यांनी पुन्हा समोर लावली. बेसवरच खुंट चिकटवून ठेवणारे लोक या लढाईचा जीवच काढून घेतात.

जमिनीला तपकिरी कॉर्डरॉय कापड अंथरा, त्याच्या रेघा म्हणजे नांगराच्या सऱ्या. महाद्वार रोडला मिळून जाईल. तुडवलेल्या पट्ट्यांसाठी पुठ्ठ्यावर फेव्हिकॉल, त्यावर वाळवलेला चहाचा चोथा, वर पुन्हा पातळ फेव्हिकॉल. सुकल्यावर ओलसर चमक राहते, चिखलच वाटतो. झाडांना काथ्या आणि हिरवा रंगवलेला स्पंज.

रंगकामात डोळे काढत बसू नका. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या हाताला हे जमेलही, पण १५ मिलिमीटरवर हातभर अंतरावरून ते डोळे दिसत नाहीत, बटबटीत मात्र होतात. वेळ निशाणांना द्या. फ्रान्सचं निळ्यावर तीन सोनेरी लिली. हेन्रीचं चार भागांत: दोनांत त्याच लिली, दोनांत लाल जमिनीवर तीन सोनेरी सिंह; फ्रान्सच्या गादीवर आपला हक्क आहे हेच तो त्यातून सांगत होता. कागदावर रंगीत प्रिंट काढून, घडी घालून चिकटवलीत की झालं. फौज निशाणांनीच ओळखू येते.

एक अवघड भाग राहिला: कैदी. लढाई जवळजवळ संपल्यावर इंग्रजांच्या बुणग्यांवर मागून हल्ला झाला, समोर तिसरी फळी अजून उभी होती, आणि हेन्रीनं कैद्यांना मारायचा हुकूम दिला. सरदार नाखूश होते, म्हणून हे काम दोनशे तिरंदाजांवर सोपवलं गेलं असं सांगतात. काही मंडळी हा भाग खेळातून गाळतात. मी गाळत नाही, आणि त्यावर टेबलाभोवती थट्टाही चालू देत नाही. नियम सोपा आहे: प्रत्येक दोन कैदी बेसांमागं एक इंग्रज बेस राखणीला अडकतो. शेवटच्या पाळ्यांत पंच फाशानं ठरवतो की तिसरी फळी पुढं सरकते का, बुणग्यांवर कुणी पडतं का. तेव्हा इंग्रज खेळाडूनं ठरवायचं: कैदी राखून कमी माणसांनिशी तोंड द्यायचं, की कैदी मारून त्यांचे सगळे गुण घालवायचे आणि बेस सोडवायचे. जे कैदी वाचले त्यांची किंमत काय होती ते ऑर्लिअन्सच्या शार्लवरून कळतं. तो १४४० पर्यंत, पंचवीस वर्षं, इंग्लंडात कैदेत होता.

उशिरा येणारा ब्राबांतचा ड्यूक घ्यायला विसरू नका. तो इतक्या घाईत आला की अंगरख्याऐवजी तुतारीवाल्याचं निशाण फाडून गळ्यात अडकवलं, लढाईत घुसला, आणि मारला गेला. फाशावर पाचव्या पाळीनंतर कधीही येऊ द्या, एकच बेस. फ्रेंच खेळाडूंना त्याची आशा लागून राहते, तेवढं पुरे.

आधीच निकाल माहीत असण्याचा त्रास गुणांनी बराच कमी होतो, पुरता जात नाही. नवे खेळाडू आणता आले तर नावंच बदला. आम्ही एकदा हीच लढाई कृष्णाकाठच्या दोन काल्पनिक देशमुखांची म्हणून मांडली: दोन्हीकडं राई, मधे नांगरट, एक जण उपाशी, दुसऱ्याकडं चार मानकरी आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही. मानकऱ्यांनी अगदी आलाँसाँसारखंच केलं. शेवटी खरं नाव सांगितल्यावर एकजण अर्धा तास वाद घालत होता की आपण फ्रेंच नव्हतोच.

तुमच्यातले कुणी 'हे सोडा, पावनखिंड खेळू' म्हणतीलच. जरूर खेळा, पण या लढाईनंतर. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत बाजीप्रभूंनी मिळवला तो वेळ. तिथं किती मारले याला गुण ठेवलेत की खेळ फसला. गुण फक्त विशाळगडावरून तोफांचा आवाज येईपर्यंत खिंड किती पाळ्या टिकली याला. महाराजांची फिगर टेबलावर लागतच नाही. ते टेबलाबाहेर, गडाच्या वाटेवर आहेत, आणि तिथं सुर्वे-दळव्यांचा अडसर किती पाळ्यांत फुटतो ते पंच गुपचूप फाशानं ठरवतो. सिद्दी मसूद खेळायला कोल्हापुरात कुणी तयार होत नाही ही अडचण मात्र खरी आहे. तिथं पंचानंच बसावं.

अ‍ॅजिनकोर्टच्या पहिल्या डावाला प्रश्न विचारणाऱ्यानंच पंच व्हावं, कारण नियम त्यालाच पाठ असतील. तीन तास मोकळे ठेवा. आणि फ्रेंचांची कार्डं टेबलाशी बसल्यावरच वाटा. आदल्या रात्री दिलीत, तर व्हॉट्सअ‍ॅपवर तिघांचा तह होऊन बसतो आणि सकाळी तुमच्यासमोर फ्रान्सच्या इतिहासात कधीच नसलेली एकजूट येऊन उभी राहते.